साखरेच्या कडीत धातू : एम.एस्सी.नंतर या विषयात येणाऱ्यांसाठी

सांगलीत ‘साखरेवर संशोधन करते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठल्या कारखान्यात? माझी साखर उसाची नाही. स्टार्चवर एन्झाइमची क्रिया झाली की ग्लुकोजची गोल कडी तयार होते, ती सायक्लोडेक्स्ट्रिन. सहा ग्लुकोजची अल्फा, सातांची बीटा, आठांची गॅमा. कडी बाहेरून पाण्याशी जुळवून घेते, आतली पोकळी मात्र पाण्याला फटकून असते. पाण्यात न विरघळणारं धातूचं संयुग त्या पोकळीत बसवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं.

हा खटाटोप का, तर सिस्प्लॅटिन, म्हणजे प्लॅटिनमचं कॅन्सरवरचं औषध. अमेरिकी शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग यांना 1965 मध्ये प्लॅटिनमचा पेशीविभाजनावरचा परिणाम दिसला, 1978 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. गुणकारी आहे, पण मूत्रपिंडाला जड जातं. म्हणून रुथेनियम, लोह, टायटॅनियम यांच्याकडे लोक वळले. टायटॅनोसीन डायक्लोराइड हे टायटॅनियमचं संयुग तर रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं, पण पाण्यात ते टिकत नाही. अशांना कडीचा आसरा मिळाला तर बघावं, हा विचार.

बहुतेक जण बीटापासून सुरुवात करतात, कारण ती स्वस्त. पण 25 अंशांना लिटरभर पाण्यात ती जेमतेम 18.5 ग्रॅम विरघळते. म्हणून नीडिंग, म्हणजे मळण्याची पद्धत : खलात बीटा घ्यायची, थोडं पाणी-अल्कोहोल घालायचं आणि श्रीखंडासारखं दाट होईपर्यंत घोटायचं. मग त्यात संयुग घालून पुन्हा घोटायचं. हात भरून येतात.

खरी परीक्षा त्यानंतर. संयुग आत शिरलंय की नुसतं शेजारी बसलंय? रंग बदलला म्हणून खूश होऊ नका. दोन्ही पावडरी नुसत्या मिसळून त्या मिश्रणाचेही आयआर (इन्फ्रारेड वर्णपट), एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) काढा. फरक दिसला तरच पुढे बोला. सर्वांत भरवशाचा पुरावा प्रोटॉन एनएमआरचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे सिग्नल मोजण्याचा : ग्लुकोजचे एच-3 आणि एच-5 हे प्रोटॉन पोकळीच्या आत असतात, पाहुणा म्हणजे आपलं संयुग आलं की त्यांचे सिग्नल सरकतात. पुष्कळदा धातू बाहेर काठावरच राहतो, आत जातं ते लिगँडचं (धातूला जोडलेल्या रेणूचं) अरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारख्या कड्याचं टोक. फेरोसीन हे लोहाचं संयुग मात्र बीटात छान बसतं.

एमटीटी चाचणीत, म्हणजे किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगावरून मोजताना, तुलनेसाठी रिकाम्या कडीचा कंट्रोल ठेवाच. आणि तुलनेसाठीचं सिस्प्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि औषध निकामी होतं. घरच्यांना ‘कॅन्सरचं औषध’ असं सांगूच नका, निदान प्लेटमधल्या पेशींच्या जोरावर तरी.

पीएच.डी.चा गाईड ठरवताना विषयाच्या नावाला भुलू नका. एनएमआरचे नमुने कुठे जातात, नंबर किती दिवसांनी लागतो, आणि सेल कल्चर आपल्याच विभागात होतं की पुण्याला कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं, हे त्यांच्या सीनिअर विद्यार्थ्यांना चहाला नेऊन विचारा. सरांसमोर ते सांगणार नाहीत.