बाईंचा मोबाइल बाईंच्याच हातात राहू द्या

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत) चहा झाला की कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतं, “सर, एवढं जरा करून द्या ना.” पाटण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर असताना मी अशी कामं वर्षानुवर्षं करून दिली. दोन मिनिटांचा मामला असायचा. पुढच्या महिन्यात तोच माणूस, तोच मोबाइल, तेच काम. शिकवतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी केंद्राचा बिनपगारी ऑपरेटर झालो होतो.

तुमच्या शाळेतही ‘ते मोबाइलचं तुम्हीच बघा’ हे खातं तुमच्याकडे असेल, तर पुढच्या वेळी असं करून बघा.

आधी दुखणं विचारा

“कोणतं अ‍ॅप शिकायचंय?” असं विचारू नका. “गेल्या आठवड्यात कोणती माहिती दोनदा लिहावी लागली?” असं विचारा. उत्तर लगेच येतं: मुलांची यादी, पोषण आहाराचे आकडे, ‘आज ४ वाजेपर्यंत पाठवा’वाली तीच ती माहिती. त्यातलं एकच काम निवडा. बसायचं शेजारी, समोर नाही. फोन त्यांच्या हातात, आपण फक्त बोट दाखवायचं. हात शिवशिवतात, मला माहीत आहे. मी पाठीमागे बांधून बसतो.

मराठी टायपिंग: अर्धी लढाई इथेच

शेजारच्या शाळेतल्या एका बाईंचं फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पण ग्रुपवर त्यांचं उत्तर कायम इंग्रजी अक्षरांत ‘ओके सर’. कारण मराठी टाइप करायला एकेका ओळीला पाच मिनिटं लागायची.

त्यांच्याकडून मी एवढंच करून घेतलं: जीबोर्डच्या (मोबाइलवरच्या गुगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये भाषा उघडून मराठी जोडली, मग स्पेसबार दाबून धरून मराठी निवडली आणि वरच्या माइकवर बोट ठेवलं. बाईंनी वर्गात बोलतात त्या पट्टीत मजकूर सांगितला. पहिल्या झटक्याला ‘मोरगिरी’चं ‘मोर गिरी’ झालं, बाकी ओळ बरोबर. बाई म्हणाल्या, “पोरांपेक्षा हा बरा, निदान ऐकतो तरी!” आवाज वाढवायची गरज नाही, शब्द सुटे बोलायची आहे. विरामचिन्हं हाताने टाकायची. गावांची, मुलांची नावं आणि आकडे पाठवण्याआधी वाचायचे. रेंज असलेल्या जागी हे आधी शिकवा, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘माझ्या फोनला होत नाही’ म्हणून प्रकरण मिटतं.

शाळेच्या जुन्या संगणकावर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेली पत्रं मोबाइलवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. व्हायरस नव्हे तो. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठेही उघडतं. जुनं राहू द्या, नवं काम मात्र युनिकोडमध्येच.

एकच यादी, पण नीट केलेली

पट वीस असो की दोनशे, शाळेची एक मूळ यादी हवी: रजिस्टर नंबर, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, खाते क्रमांक. एकदा केली की वर्षभर त्यातलेच कॉलम काढून द्यायचे.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. सरलचा, म्हणजे राज्याच्या शाळा-विद्यार्थी माहितीच्या ऑनलाइन प्रणालीचा, विद्यार्थी क्रमांक १९ अंकी. तो एक्सेलमध्ये सरळ टाइप केला की एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि शेवटच्या चारांच्या जागी शून्यं घालतं. कुठलीही सूचना नाही, लाल रेघ नाही. संपूर्ण वर्गाचे क्रमांक असे शून्यांत गेलेले मला तालुक्याला पाठवून झाल्यावर कळले. आधार क्रमांक १२ अंकी, तो शाबूत राहतो, पण पडद्यावर मध्येच ‘ई’ आणि अधिकचं चिन्ह दिसतं आणि माणूस घाबरून परत टाइप करत बसतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य तर सरळ गायब.

उपाय टाइप करण्याआधीचा आहे. पूर्ण कॉलम निवडा, एक्सेलमध्ये ‘होम’खाली नंबरच्या जागी ‘टेक्स्ट’ करा. गुगल शीट्समध्ये ‘फॉरमॅट’, मग ‘नंबर’, मग ‘प्लेन टेक्स्ट’. त्यानंतरच आकडे भरा. गेलेले अंक नंतर टेक्स्ट करून परत येत नाहीत, ते रजिस्टरमधूनच पुन्हा भरावे लागतात. हे शिकवताना समोरच्याला आधी मुद्दाम चुकीचं टाइप करू द्या. शून्यं स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की टेक्स्ट करायचं कधी विसरत नाहीत.

जन्मतारखेचंही तसंच. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. महिना अक्षरांत लिहा, वाद मिटतो.

आणि ही यादी शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय नको, ज्याला द्यायची त्याचाच ईमेल टाका. मुलांचे आधार आणि खाते क्रमांक ग्रुपवर टाकण्याची सवय आपल्याकडे फारच सैल आहे.

कागदाचा फोटो नको, पीडीएफ

गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये स्कॅनची सोय आहे. अधिकच्या खुणेवर किंवा कॅमेऱ्यावर दाबा, पानं एकामागून एक घ्या, एकच पीडीएफ होते. कागद खिडकीजवळ ठेवा, आपली सावली पडू देऊ नका. फाइलचं नाव ‘स्कॅन’ नको. तारीख आणि विषय लिहा, नाहीतर मार्चमध्ये शोधत बसाल. फोटोच पाठवायचा झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, शिक्का आणि सही वाचता येते.

रेंज नाही, हे गृहीत धरा

कोयनेच्या खोऱ्यात जुलैत लाइट आणि रेंज एकदमच जातात. म्हणून तालुक्याला गेलात की लागेल ते फोनमध्ये भरून आणा. गुगल शीटच्या तीन टिंबांत ऑफलाइन ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपने स्कॅन करा, आठवड्याचा पाठ डाउनलोड करा. दोन अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओ द्यायचा तर क्विक शेअर वापरा, त्याला नेट लागत नाही. सोमवारच्या तासाची तयारी शनिवारीच.

पालकांचा ग्रुप

इकडच्या बऱ्याच घरांत बाप मुंबईला माथाडी कामाला आणि पोरं आजी-आजोबांकडे. लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही. तीस सेकंदांचा आवाजी निरोप आजीही ऐकते, मुंबईचा बापही ऐकतो. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनला संदेश पाठवता येईल असं करा, म्हणजे ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली सहलीची तारीख गाडली जात नाही. महत्त्वाची सूचना पिन करा.

पंधरा दिवसांनी चौकशी करा, पण “जमतंय का?” असं नको. “जमतंय” असंच उत्तर येतं. पुढच्या परिषदेला त्यांनाच दुसऱ्या कोणाला तरी ते दाखवायला सांगा. आपण मागच्या बाकावर बसायचं आणि त्या चुकीचं बटण दाबायला लागल्या तरी तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं मला अजून जमलेलं नाही.