ट्रामची सेफ्टी सिस्टिम अपग्रेड करताय? या चुका टाळा

नवी ओव्हरस्पीड सिस्टिम, म्हणजे ट्राम लिमिटच्या वर गेली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, चालू झाली की थोड्याच दिवसांत एक ओरड हमखास येते, "गाडी उगाच ब्रेक मारतेय". आणि त्यावर उपायही हमखास एकच सुचवला जातो, मार्जिन, म्हणजे लिमिटच्या वर किती चालवून घ्यायचं ती सूट, वाढवा. ही माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक, म्हणून आधी तीच घेतो.

एका लाइनवर टेस्टिंगला होतो. ताशी 40 किमी लिमिटच्या एका वळणावर काही ठरावीक गाड्या सारख्या ब्रेक घेत होत्या. ड्रायव्हर म्हणत होते आम्ही लिमिटमध्येच आहोत, समोरचा स्पीडोमीटरही तेच दाखवत होता. मग सुरू झाला तमाशा. गाडीला संदेश देणारा रुळातला बीकन बदलला, सॉफ्टवेअर परत भरलं, केबल तपासल्या, सिग्नलवाले गाडीवाल्यांकडे बोट दाखवतायत, गाडीवाले सिग्नलवाल्यांकडे, आणि शेवटी मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले की लिमिटवर 5 किमीची सूट वाढवून टाकू, विषय संपला. म्हटलं साहेब जरा थांबा, डेपोतून ब्रेक घेणाऱ्या गाड्यांची यादी तरी मागवू. यादी आली तर त्यातली एकूण एक गाडी नुकतीच चाकं टर्निंग करून (झिजलेली चाकं कातून परत गोल करून) लेथवरून उतरलेली! चाकाचा व्यास 610 मिमीवर आलेला आणि चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढणाऱ्या नव्या कॉम्प्युटरमध्ये आकडा तसाच, 660. म्हणजे खऱ्या 40 ला त्याला 43 च्या वर दिसणार, तो बिचारा ब्रेक मारणार नाहीतर काय करणार. स्पीडोमीटर वेग मोजणाऱ्या जुन्या युनिटवर चालायचा आणि डेपोच्या फॉर्मवर चाकाच्या आकड्यासाठी फक्त त्या जुन्या युनिटचा रकाना होता. नव्या युनिटसाठी रकाना काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

यात खरी भीती उलट्या केसची आहे. 610 भरलेलं राहिलं आणि गाडीच्या चाकांना नवे टायर (बाहेरची पोलादी कडी) चढले, तर खऱ्या 43 ला कॉम्प्युटर 40 च समजतो आणि गप्प बसतो. याची तक्रार कुणीच करत नाही. त्यात ती 5 ची सूट दिली असती तर झालंच कल्याण. म्हणून माझी सवय, चाकाला हात लागला की आकडा दोन माणसांनी टाकायचा आणि मोजलेल्या अंतरावर गाडी पळवून ताडून बघायचा. अर्धा तास जातो. ज्यांना तोही नाही त्यांनी या कामात पडू नये.

दुसरी चूक, बायपास स्विच, म्हणजे सिस्टिम बाजूला काढणारा सीलबंद स्विच. उगाचच्या ब्रेकला कंटाळून ड्रायव्हर सिस्टिम आयसोलेट करतात, सील तुटतं, पुढच्या शिफ्टला गाडी तशीच जाते, आणि आठवड्याभरात बायपास हीच नॉर्मल पद्धत होऊन बसते. सॅन फ्रान्सिस्कोत 18 जुलै 2009 ला वेस्ट पोर्टल स्टेशनात हेच दिसलं, ड्रायव्हरने प्लॅटफॉर्मच्या आधीच ऑटोमधून मॅन्युअलला घेतलं, मग त्याची शुद्ध हरपली आणि गाडी पुढच्या उभ्या गाडीवर आदळली, 40 हून जास्त जखमी. सिस्टिम होती, पण त्या क्षणी मधे नव्हती. मी रोज सकाळी डेपोत आधी तुटलेली सीलं बघतो, रिपोर्ट नंतर. आणि ड्रायव्हरवर डाफरत नाही, त्याने स्विच का फिरवला ते विचारतो, खरा फॉल्ट बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

"आमच्याकडे डेडमॅन आहे की, वेगळं कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी (डेडमॅन म्हणजे ड्रायव्हरचा दाब हँडलवरून सुटला की ब्रेक लावणारी सोय) लंडनमधलं क्रॉयडन वाचावं. 9 नोव्हेंबर 2016, सँडिलंड्सचं ताशी 20 किमी लिमिटचं वळण, ट्राम 73 च्या आसपास घुसली आणि आडवी झाली, 7 माणसं गेली. ड्रायव्हरचं भान सुटलं होतं पण हँडलवर दाब आहे तोवर डेडमॅनच्या लेखी सगळं आलबेल. त्यानंतर तिथे आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम आली. पण ती बसवताना दुसरं टोक गाठू नका, जरा स्पीड वाढला की थेट इमर्जन्सी आणि मॅग्नेटिक ब्रेक, असं सेटिंग केलं की उभे असलेले पॅसेंजर एकमेकांवर पडणार. आधी बझर, मग सर्व्हिस ब्रेक, म्हणजे रोजचा साधा ब्रेक, ऐकलं नाही तरच इमर्जन्सी.

जुन्यात नवं मिसळताना "एक पार्टच तर बदललाय" हे वाक्य मला ऐकवू नका. वॉशिंग्टन मेट्रोत फोर्ट टॉटनजवळ 22 जून 2009 ला गाड्यांची टक्कर होऊन 9 जण गेले. मेट्रो आहे, लाइट रेल नाही, पण धडा तोच. तिथल्या ट्रॅक सर्किटचा (रुळातल्या करंटवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) इम्पीडन्स बाँड नावाचा पार्ट काही दिवसांपूर्वीच बदलला होता आणि तेव्हापासून सर्किटला गाडी धड दिसतच नव्हती. बदल केला की शंट, म्हणजे गाडीच्या चाकांसारखी दोन्ही रुळ जोडणारी तार, दोन्ही टोकांना आणि मधे, तिन्ही जागी लावून बघा, एका टोकाला लावून सही ठोकू नका.

बाकीचं पटकन. फक्त कोरड्या रुळावर ब्रेक टेस्ट करून पास म्हणू नका, ओल्यावर आणि पाचोळ्यावर करा. रस्त्यातल्या खाचेच्या रुळात चिखल-पाणी साचतं, तिथल्या सेन्सरची जागा नकाशावर बघून नाही, पावसात उभं राहून ठरवा. रात्री गाड्या बंद ठेवून मिळणाऱ्या दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये काम संपवायच्या नादात उलटा मार्ग, म्हणजे सकाळी पहिल्या गाडीआधी जुनी सिस्टिम परत चालू कशी करायची, ते ठरवल्याशिवाय एकही वायर काढू नका. आणि वाळू. ब्रेकसाठी रुळावर सोडलेली वाळू जास्त झाली की चाक आणि रुळाचा कॉन्टॅक्ट तुटतो आणि ट्रॅक सर्किटमधून अख्खी गाडी गायब होते. वाळू सोडणाऱ्या सँडरचं सेटिंग गाडीवाल्यांकडे असतं म्हणून सिग्नलवाले ते बघतच नाहीत. बघा.