चेंगदूला ताओ दीक्षेसाठी येणाऱ्यांना

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूत उतरलेली मराठी मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात फोन करतात आणि विचारतात, "ताई, ताओ धर्माची दीक्षा कुठे मिळेल?" मी त्यांना आधी घरी जेवायला बोलावते, कारण हे दोन वाक्यांत सांगून होत नाही. मला इथे चौदा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं मी छिंगचंग पर्वताकडच्या एका लहान मंदिरात गृहस्थ शिष्या म्हणून जाते. मी संन्यास घेतलेला नाही. पण चार जणांना शेंडी बांधून टोपी घालताना पाहिलं आहे आणि दोघांना अर्ध्यातून परत जाताना पोहोचवायलाही गेले आहे.

आधी हे ठरवा की तुम्हाला कोणत्या वाटेनं जायचं आहे. छ्वानझेन पंथ मठवासीयांचा आहे. वांग चोंगयांग (१११३–११७०) यांच्यापासून तो सुरू होतो. त्यात ब्रह्मचर्य, शाकाहार आणि मठातलं आयुष्य आलं. झेंगयी पंथाचे पुरोहित संसारी असतात, घरी राहतात आणि लोकांचे विधी करतात. त्यांची परंपरा झांग दाओलिंग यांच्यापर्यंत जाते. इ.स. १४२ मध्ये त्यांना याच सिचुआनमध्ये साक्षात्कार झाला, असं परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांची गादी मात्र पुढे जियांगशी प्रांतातल्या लाँगहू पर्वतावर स्थिरावली. नोकरी, नवरा-बायको, मुलं सोडायची नसतील तर छ्वानझेनच्या दारात उभं राहून गुरूचा आणि आपला वेळ घालवू नका. आणि ताईजी (ताई-ची ही व्यायाम आणि युद्धकला) शिकायची असेल तर तसं मोकळेपणानं सांगा. ती विद्या मोठीच आहे, पण दीक्षा वेगळी.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. नाशिकचा एक मुलगा एका खासगी शाळेत तीन आठवडे राहिला. भरपूर पैसे भरून त्यानं लाल शिक्क्याचं, "ताओ पुरोहित" असं लिहिलेलं प्रमाणपत्र घेतलं. ते घेऊन तो एका मठात मुक्काम मागायला गेला. तिथे पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या दाओझांगांनी (ताओ संन्याशांना आदरानं असं म्हणतात) शांतपणे तीन गोष्टी विचारल्या: गुरू कोण, कितवी पिढी, आणि सकाळचा पाठ म्हणता येतो का. त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरी तो जेवला नाही. त्याची तळमळ खरी होती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

मठात मुक्काम मागण्याला इथे "ग्वादान" म्हणतात आणि हे प्रश्न फार जुने आहेत. पिढी विचारतात कारण ती नावातच असते. छ्वानझेनच्या लाँगमेन शाखेची शंभर अक्षरांची एक कविता आहे. प्रत्येक पिढीला त्यातलं पुढचं अक्षर मिळतं आणि शिष्याच्या नावात ते येतं. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही साखळी आपल्याला तोंडपाठ असते. इथे साखळीतली आपली जागा नावातूनच कळते. ती विकत मिळत नाही.

गुरू शोधताना मंदिरांचे दोन प्रकार लक्षात घ्या. बीजिंगच्या बाययुन ग्वानसारखे मोठे मठ सगळ्या दिशांच्या साधकांसाठी खुले असतात, पण परंपरेनं तिथे वैयक्तिक शिष्य करत नाहीत. शिष्य होतात ते लहान, गुरु-शिष्य वारशानं चालणाऱ्या मंदिरांत. त्यामुळे प्रसिद्ध नाव बघून धावू नका. चेंगदूत छिंगयांग गोंग या मंदिरात जरूर जा, पाठ ऐका, अंगण बघा. पण गुरू बहुधा तुम्हाला एखाद्या चढावरच्या मंदिरात भेटतील, भाजी निवडताना.

पहिली पायरी म्हणजे "ग्वेईयी", अर्थात ताओ, ग्रंथ आणि गुरू या तिघांना शरण जाणं. वारकरी माळ घालतो तसं समजा: संसार सुटत नाही, पण वागण्याला बांधिलकी येते. मी इथेच आहे आणि ही जागा मला पुरेशी वाटते. ज्याला पुढे जायचं आहे तो मंदिरात राहायला येतो. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, दिवे, घंटा सांभाळतो आणि गुरू त्याला पारखतात. हा काळ बहुतेक वेळा वर्षांत मोजावा लागतो. मग गुरू योग्य समजतील तेव्हा "ग्वानजिन" होतं. वाढवलेले केस डोक्यावर बांधून त्यात काडी खोचतात, वर टोपी चढते आणि माणूस खऱ्या अर्थानं छ्वानझेनचा संन्यासी होतो. स्त्रियांनाही हीच वाट आहे. सुन बुअर (१११९–११८२) या पंथाच्या सात आद्य सिद्धांपैकी एक होत्या. इथे संन्यासिनीलाही दाओझांग म्हणूनच हाक मारतात.

शेवटची पूर्ण दीक्षा आणखी पुढची. वांग चांगयुए यांनी १६५६ मध्ये बाययुन ग्वानला ती जाहीरपणे द्यायला सुरुवात केली. तिचे तीन टप्पे आहेत. त्यातल्या मधल्या टप्प्यातच तीनशे नियम आहेत. पूर्वी हा सोहळा शंभर दिवस चाले. परीक्षा होई आणि हजार अक्षरांच्या जुन्या पाठ्यकवितेतल्या अक्षरांच्या क्रमानं दीक्षितांना क्रमांक मिळत, पहिल्याला "आकाश" हे अक्षर. कित्येक दशकं बंद पडलेला हा सोहळा १९८९ मध्ये बाययुन ग्वानला पुन्हा झाला, तेव्हा दीक्षित ७५ होते. पुढचा १९९५ मध्ये आमच्या छिंगचंगवर, त्यानंतरचा २००२ मध्ये ल्याओनिंग प्रांतात. मधली अंतरं पाहा. वर्षभराच्या व्हिसावर येऊन "पूर्ण दीक्षा घेऊन जातो" म्हणणाऱ्याला मी फक्त ही सालं सांगते.

झेंगयीकडे टोपीऐवजी "लू" मिळतो. ती पुरोहिताच्या अधिकारातल्या देवसेनानींची नोंदवही असते आणि दर्जा वाढला की वरची मिळते. लाँगहू पर्वतावर परदेशांतल्या पुरोहितांना लू देणं १९९१ मध्ये पुन्हा सुरू झालं, देशातल्यांना १९९५ मध्ये. पण तिथेही आधी गुरू आणि विधी यावे लागतात. तैवानमध्ये ही विद्या मुख्यतः घराण्यांत चालते. तरीही डच अभ्यासक क्रिस्तोफर शिपर यांना १९६८ मध्ये ताइनानला दीक्षा मिळाली होती. ते आधी काही वर्षं तिथल्या पुरोहितांकडे शिकले, म्हणून. परदेशी माणसाला दार बंद नाही, एवढं यावरून नक्की कळतं.

आता रोजचं. सर्वांत जास्त कस लागतो तो सकाळच्या पाठात. आठ शुद्धिमंत्र, मग छिंगजिंग जिंग हा छोटा ग्रंथ, मग पुढचे पाठ, सगळं लाकडी मासा (माशाच्या आकाराचं तालवाद्य) आणि घंटेच्या ठेक्यावर. अर्थ कळण्याची वाट पाहू नका. लहानपणी रामरक्षा आपण अर्थ न कळताच म्हणायला लागलो, तसंच इथे ओठ आधी वळतात. छिंगजिंग जिंग जेमतेम चारशे अक्षरांचं आहे. रोज दहा अक्षरं हातानं लिहून पाठ केलीत तर दीड महिन्यात होईल. उच्चार मात्र माणसाकडूनच शिका, कारण सिचुआनच्या मंदिरांत चाल वेगळी असते. ध्वनिमुद्रणावरून उत्तरेकडची चाल पक्की करून आलेल्यांना ती विसरायला फार त्रास होतो. चिनी भाषा आली नाही तर यातलं काहीच होणार नाही. म्हणून पहिलं वर्ष विद्यापीठाच्या भाषावर्गाला द्या.

जेवणाचं ऐका. मठात मांस तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. ताओ परंपरेच्या पाच वर्ज्य उग्र भाज्यांत कोथिंबीरही आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातल्यांना बाकीचं जमतं, कोथिंबिरीची आठवण मात्र येते. घरून मसाल्याचा डबा आणलात तर लेबल वाचून, विचारून मगच मठात न्या.

दर दहा दिवसांनी "वू" दिवस येतो. त्या दिवशी उदबत्ती, घंटा, पाठ काही नाही. मंदिर उघडं असलं तरी पूजेचा हट्ट धरू नका. दाओझांगांना वय विचारू नका, ते अशिष्ट समजतात. भारतीय म्हटल्यावर तुम्हाला बौद्ध समजतील. भांडू नका, पण नाथपंथाची कुंडलिनी आणि इथली अंतःसाधना एकच आहे असंही पहिल्या भेटीत सांगू नका. ही तुलना मलाही आवडते, पण आधी त्यांचं त्यांच्या शब्दांत ऐकून घ्यावं.

कागदपत्रांत चूक चालत नाही. हॉटेलबाहेर कुठेही राहिलात, मंदिरातसुद्धा, तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद हवी. पर्यटक व्हिसावर महिनोन् महिने मठात राहण्याचा बेत करू नका. ज्या मंदिराला परदेशी माणूस ठेवता येत नाही ते तसं स्पष्ट सांगेल. त्यात अपमान नाही. नोंदणीकृत मंदिरात पाठाला बसायला हरकत नसते, पण स्वतः वर्ग काढणं, पत्रकं वाटणं किंवा धर्मप्रचार करणं परदेशी माणसाला मना आहे.

पहिल्या दिवशी सैल कपडे, आवाज न करणारे बूट घाला. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून आत या. डाव्या हातानं तीन उदबत्त्या लावा. उजव्या हाताच्या मुठीवर डावा हात ठेवून वाका. मग बाजूला उभे राहा आणि कुणी काम सांगेपर्यंत थांबा. आमच्या मंदिरात बहुतेक वेळा झाडूच हातात देतात.