पाणी भरलं की गाठ आली? अंडकोषाची सूज घरी कशी तपासावी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग जुना. त्यामुळे कुणाचा अंडकोष सुजला की पारावरचा निकाल ठरलेला, "पाणी भरलं असन, बावा." पुष्कळदा ते खरंही असतं. पण कर्करोगाची गाठसुद्धा सहसा दुखत नाही, आणि ती 15 ते 40 या वयात जास्त दिसते. म्हातारपणाचा आजार समजून पोरांनी निर्धास्त राहू नये.

तपासायचं आंघोळीच्या वेळी, गरम पाण्यानं कातडी सैल झाली की. अंडकोषाच्या पिशवीतली एकेक गोळी अंगठा आणि बोटांत धरून हलकेच फिरवा. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी ती गुळगुळीत, किंचित दबणारी लागते. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं काही लागेल. ते सगळ्यांनाच असतं, त्याला गाठ समजून घाबरू नका. एक गोळी थोडी मोठी किंवा खाली असणंही नेहमीचंच.

आता मुख्य प्रश्न: कडकपणा नेमका कुठं आहे? गोळीच्याच अंगात तुरीच्या दाण्याएवढं जरी टणक लागलं, किंवा अख्खी गोळी जड, दगडासारखी झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लहानपणी गोळी खाली उतरली नव्हती, असं असेल तर तेही सांगा. गोळीपासून वेगळी, मऊ गाठ बहुधा साधी असते. उभं राहिल्यावर गांडुळांच्या गुंत्यासारखं लागतं आणि आडवं झाल्यावर ओसरतं, त्या फुगलेल्या शिरा. खोकल्यासरशी जांघेतून फुगवटा येतो तो हर्निया. हे तिन्हीही एकदा दाखवून घ्यावेतच.

अंधाऱ्या खोलीत सुजेमागे मोबाइलचा टॉर्च धरला आणि लालसर उजेड आरपार आला तर आत पाणी आहे. पण इथंच माणूस फसतो. कर्करोगाच्या गाठीभोवतीही पाणी साचतं, आणि पाणी जास्त असलं की आतली गोळी हाताला लागतच नाही. तेव्हा सोनोग्राफीच करावी लागते. तिच्यात संशय आला तर एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या होतात.

सोनोग्राफीआधी सुई टोचून पाणी काढू देऊ नका. आत कर्करोग असेल तर तो पसरू शकतो. म्हणून तर त्याचं ऑपरेशनही पिशवीला चीर न देता जांघेतून करतात.

अचानक असह्य कळ, सोबत उलटी, म्हणजे गोळीला पीळ पडला असू शकतो. साधारण 6 तासांत ऑपरेशन झालं तरच ती वाचण्याची चांगली आशा. सकाळच्या एसटीची वाट न पाहता 108 लावा.

आणि दवाखान्यात चिठ्ठी काढताना लाजून "पोट दुखते" म्हणू नका, नाहीतर पोटाच्याच गोळ्या घेऊन परत याल.