जळालेली मोटर भरायला टाकण्याआधी या चुका टाळा

परवा पलूसकडचे एक अण्णा साडेसात एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) छोट्या टेम्पोत घालून दुकानात आले. खाली उतरवायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा गेली. मागच्या खेपेला ज्यानं भरली त्यानं तार हलकी घातली बघा."

मोटर भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. मी काही बोललो नाही. बोल्ट काढले, झाकण सोडवलं, रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढून पोत्यावर ठेवला. आत काळे पट्टे दोनच, बरोबर समोरासमोर. बाकीचं वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, जसंच्या तसं, वार्निश अजून काकवीसारखं चमकत होतं.

तार हलकी असती तर तिन्ही फेज सारखेच काळवंडले असते. ही मोटर दोन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी दोनांवरच, चालली होती. मागच्या मिस्त्रीचं काम चांगलंच होतं, आणि तिथं मी भरली असती तरी ती जळलीच असती.

आमच्या भागाला पंप नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला, ती किर्लोस्करवाडी इथून जवळच. त्यामुळे मोटर खोलणारे हात गावोगाव आहेत. पण खोलल्यावर ती का जळाली हे न बघताच जुनी तार छिन्नीनं तोडून भंगारात टाकतात, तिथं सगळा पुरावा जातो. म्हणून पहिली विनंती: मोटर खोलताना स्वतः समोर उभे राहा आणि जळालेल्या वाइंडिंगचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.

फिरते कशी, तेवढं आधी

बाहेरचा न हलणारा भाग म्हणजे स्टेटर. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांची चवड, तिला आतून खाचा, खाचांत तांब्याच्या कॉईली. आतला फिरणारा रोटर. त्यात तार नसतेच. ॲल्युमिनियमच्या कांड्या आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणारी कडी, बस्स. रोटरला बाहेरून वीज कुठूनच येत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

तीन फेजचा जोर एकदम चढत नाही, एकामागून एक चढतो. त्यामुळे स्टेटरमधलं चुंबकत्व चरकाच्या बैलासारखं गोल फिरायला लागतं. दोन पोलच्या (चुंबकत्वाच्या दोन टोकांच्या) मोटरीत मिनिटाला ३००० फेरे, चार पोलच्या मोटरीत १५००. हे फिरतं चुंबकत्व रोटरच्या कांड्यांना कापत जातं, कांड्यांत करंट तयार होतो, रोटर स्वतःच चुंबक बनतो आणि मागून ओढला जातो. मात्र तो पुढच्याला कधीच गाठत नाही. नेमप्लेटवर म्हणूनच २८८० किंवा १४४० असे आकडे दिसतात. गाठलं तर कांड्या कापल्या जाणारच नाहीत, करंट संपेल, मग ओढ कुठून येणार?

लोड वाढला की रोटर आणखी मागं पडतो आणि जास्त करंट ओढतो. मोटर 'झेपत नाही' म्हणून थांबत नाही. मागाल तेवढं काम देत राहते, तारेवरचं इनॅमल उकलेपर्यंत. तिला थांबवायचं काम स्टार्टरचं असतं, आणि नेमका तोच आपण बिघडवून ठेवलेला असतो.

दोन फेज: सगळ्यात जास्त मोटरी इथं जातात

बंद मोटरीला दोनच फेज मिळाले तर चुंबकत्व फिरत नाही, जागच्या जागी मागं-पुढं होतं. मोटर हूंऽऽ करते, हलत नाही आणि भरमसाठ करंट खाते. तेव्हा माणूस घाबरून बटण दाबतो, म्हणून ती बहुधा वाचते. खरा घात होतो तो चालू मोटरीचा एक फेज गेल्यावर. ती फिरतच राहते. आवाज जरा जड होतो, पाणी थोडं कमी येतं, पण रात्रपाळीच्या लाईटवर मोटर सुरू करून घरी झोपलेल्या माणसाला ते कसं कळणार? उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट करंट जातो.

याची खूण पक्की असते. डेल्टात (तिन्ही फेजच्या कॉईली त्रिकोणात) जोडलेल्या मोटरीची एकच फेज कोळसा होते आणि दोन शाबूत राहतात. स्टारमध्ये (तिघींचं एकेक टोक मध्ये एकत्र बांधलेलं) उलटं: दोन फेज काळ्या, एक कोरी. अण्णांची मोटर डेल्टातली; समोरासमोरचे ते दोन पट्टे एकाच फेजचे.

आता चुका. पहिली म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) 'सारखा बंद पाडतो' म्हणून त्याच्या तारा जोडून त्याला बाद करणं. तो बंद पाडतो म्हणजे त्याचं काम करतो. दुसरी म्हणजे किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खोबणीत) फ्यूजच्या तारेऐवजी हाताला येईल ती जाड तार पिळून घालणं. कुणी तर सायकलच्या आरीचा तुकडासुद्धा घातलेला मी पाहिलाय. तिसरी, थ्री फेज गेली की कंडेन्सर लावून मोटर ओढायची. तशी ती फिरते, पण पूर्ण लोड झेपण्याइतकी ताकद तिच्यात राहत नाही. उसाला शेवटचं पाणी द्यायची घाई मला कळते. तरी कंडेन्सरवर रात्रभर चाललेल्या मोटरी दुसऱ्या दिवशी माझ्याच बाकावर येतात.

रिलेचा काटा

हे जरा सावकाश वाचा. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडला साधारण साडेसात अँपिअर घेते, साडेसात एचपीची ११ च्या आसपास. नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. साध्या डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा भाग, त्याच आकड्यावर ठेवायचा.

मोटर स्टारमध्ये उठवून डेल्टात चालवणाऱ्या स्टार-डेल्टाचं तसं नाही. बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या फेजमध्ये बसवलेला असतो, मुख्य लाईनमध्ये नाही, आणि फेजमध्ये लाईनच्या ५८ टक्केच करंट असतो. म्हणजे ११ अँपिअरच्या मोटरीला काटा साडेसहाच्या जवळ हवा. बरेच जण सरळ ११ वर ठेवतात. मग लाईनला १९ अँपिअर गेले तरी रिले गप्प. रिले असून नसल्यासारखा.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "वायरमननं काटा पार शेवटाला नेऊन ठेवलाय, ट्रिप होतच नाही आता." यावर काय बोलणार?

सगळं वाइंडिंग सारखंच काळं असेल तर

मग फेजचा दोष नाही. एक तर लोड जास्त, नाहीतर व्होल्टेज कमी, नाहीतर हवा बंद. डीपीपासून (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या विहिरीवर ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळणं नवलाचं नाही. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, त्यामुळे ३४० ला ती दोन तृतीयांशच उरते आणि तेवढंच पाणी उचलायला करंट चढतो. व्होल्टमीटर मोटर चालू असताना बघायचा. बंद मोटरीवर तो फसवतो.

हवेचं दुखणं तर आपण हौसेनं ओढवून घेतो. पावसात मोटर भिजू नये म्हणून तिच्यावर खताचं पोतं बांधायचं. पंख्याची जाळी त्यातच झाकली जाते. वरून छप्पर करा, चारी बाजू मोकळ्या ठेवा. बॉडीवरच्या पट्ट्यांत चिखल साचला असेल तर वाळल्यावर ब्रशनं काढा. आणि तापलेल्या मोटरीवर बादलीभर पाणी ओतणाऱ्यांना हात जोडतो. हाताला चटका बसला म्हणजे मोटर बिघडली असंही नाही. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंतचं असतं, चांगल्या मोटरीची बॉडीही हात टेकवू देत नाही. तापमान हातानं मोजू नका, करंट क्लॅम्प मीटरनं (तारेभोवती चिमटा धरून मोजणाऱ्या) मोजा.

ऑटो स्विचबद्दल थोडक्यात: लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक जण सुरुवातीला पाच-सहा पट करंट मागतो आणि डीपी बसते. मग आठवडाभर सगळेच कोरडे. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर (वरचा दोन फेजवर मोटर ओढायचा कंडेन्सर नव्हे, व्होल्टेज सावरायला लावतात तो) लावा असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ते खरं आहे.

खाचेच्या तोंडाशी एकच काळा डाग

तांबं वितळून मोहरीएवढा मणी झालाय आणि बाकी सगळं ठीक, तर तार लोखंडाला लागली. ओल हे मोठं कारण, आणि नदीकाठाला ती महापुरातून येते. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं की कृष्णाकाठची माणसं मोटरी काढायला धावतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्या मोटरी गाळासकट निघाल्या. पुष्कळांनी त्या दोन दिवस उन्हात ठेवल्या, बाहेरून कडकडीत वाळल्यावर जोडल्या आणि जळाल्या. न जाळता त्यातल्या बऱ्याच वाचल्या असत्या.

करायचं असं: रोटर काढून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा. बेरिंग फेकून द्या, धुऊन वापरू नका. स्टेटरच्या पोटात शंभर वॅटचे एक-दोन बल्ब लावून वरून पोतं झाका. इथं पोतं चालतं. मग मिस्त्रीकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) मोजून घ्या. गंमत म्हणजे वाइंडिंग तापायला लागलं की आकडा सुरुवातीला खाली येतो. तेव्हा घाबरून थांबू नका. ओल बाहेर पडायला लागली की तो चढतो. चढायचा थांबेपर्यंत बल्ब चालू राहू द्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर लाईट देऊच नका.

विहिरीवर ओल्या पायानं काम असतं, म्हणून बॉडीचं अर्थिंग करून घ्याच. अर्थिंग नसलेल्या मोटरीत तार लोखंडाला लागली तर मोटर चालूच राहते आणि झटका माणसाला बसतो.

सबमर्सिबलची तऱ्हा निराळी. तिच्या पोटात पाणी भरलेलं असतं, बुश आणि खालचं कार्बनचं बेरिंग त्याच पाण्यावर फिरतं. तासगावकडच्या द्राक्षबागांत बोअरमध्ये सोडण्याआधी 'फिरते का बघू' म्हणून जमिनीवर कोरडी चालवतात. ते अजिबात नको. आत स्वच्छ पाणी भरा, बुडबुडे जाईपर्यंत थांबा, मग सोडा. आणि ती बंद पडली की वर काढल्यावर आधी केबलचा जॉइंट बघा.

बेरिंग

रोटर आणि स्टेटर यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. बेरिंग झिजलं की रोटर एका बाजूला बसतो आणि पत्र्यावर घासतो. तिथं चकचकीत पट्टा दिसतो. तो दिसला तर नुसती मोटर भरून काही उपयोग नाही. नवीन बेरिंग बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून बसवलं तर गोळ्यांचे ठसे आतल्या कड्यावर उमटतात आणि ते पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. जोर नेहमी शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या कड्यावर द्यायचा. ग्रीसही कोंबून भरू नका, जास्त ग्रीसनं बेरिंग तापतं.

जळालेली नसते, उलटी फिरत असते

लाईनचं काम झाल्यावर कधी कधी फेज बदलतात. मोनोब्लॉक उलटा फिरला तरी पाणी येतं, फक्त कमी. लोक इम्पेलर बदलतात, फुटव्हॉल्व्ह काढतात, शेवटी मोटर खोलतात. आधी बॉडीवरचा बाण बघा. उलटं असेल तर मेन स्विच बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा, काम झालं.

घरच्या सिंगल फेज पंपाचं सोपं आहे. नुसता गुणगुणत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलाय. नवीन घेताना जुन्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडाच घ्या. मोठा घातला म्हणून ताकद वाढत नाही, वाइंडिंग तापतं. जुना काढताना त्याची दोन टोकं बल्बवर टेकवून रिकामा करा, लाईट बंद असली तरी तो झटका देतो.

भरायला टाकताना

जुनी तार सहज निघावी म्हणून काही ठिकाणी स्टेटर रॉकेल टाकून पेटवतात. पत्र्यांमधला बारीक थर त्यात जळतो, आणि मग ती मोटर कितीही चांगल्या तांब्यानं भरा, नुसत्या फिरण्यानंच तापते. पेटवू नका असं आधीच सांगा. जुन्या तारेचं गेज आणि वळसे लिहून घ्यायला लावा, वार्निशनंतर भट्टीत वाळवणार का ते विचारा. तिथं घाई केली तर तारा खाचेत हलत राहतात.

अण्णांची मोटर चौथ्या दिवशी तयार झाली. ती द्यायला मी मुद्दाम विहिरीवर गेलो. पेटी उघडली तर मधल्या किटकॅटचा पितळी जबडा ढिला आणि निळा-काळा पडलेला. थरथरीनं तिथंच फेज सुटत होता. अण्णा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "एवढ्याशा पितळेपायी दोन मोटरी?" नवीन किटकॅट बसवला, फ्यूजची तार मापाची घातली, रिलेचा काटा साडेसहावर आणला, प्रिव्हेंटर पुन्हा जोडला. मोटर उठली. क्लॅम्प मीटर एकेका तारेवर धरला: १०.८, १०.६, १०.९. अण्णांनी खडू मागवला आणि ते तीन आकडे पेटीच्या दारावर आतल्या बाजूनं लिहून ठेवले.