बेळगाव आणि चंदगड: दोन राज्यांतल्या जोडप्याची विवाहनोंदणी
मुलगी बेळगावची आणि मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोटीस दोन्हींपैकी कोणत्याही जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे देता येते. मात्र दोघांपैकी एकाचे तिथे आधी किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटिशीची प्रत दुसऱ्याच्या कायमच्या जिल्ह्यातही लागते, हे घरी आधीच सांगून ठेवावे. हरकतींचे ३० दिवस उलटल्यावर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो.

सर्वाधिक काळजी नावांची घ्यावी: शाळेच्या मराठी दाखल्यावर ‘ज्योती’ आणि कन्नड शिधापत्रिकेवर ‘जोति’ असेल, तर दुरुस्ती अगोदरच करून घ्यावी. कर्नाटकात मिळालेले प्रमाणपत्र महाराष्ट्रातही तितकेच ग्राह्य असते. समलिंगी जोडप्यांना मात्र ही वाट १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही बंदच आहे, आणि ती उणीव मला मनापासून बोचते.