छिद्र पाडणारी जिवाणूंची विषे: अभ्यासात आणि प्रयोगात या चुका टाळा

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे अल्फा-हिमोलायसिन हे पेशीपटलाला छिद्र पाडणाऱ्या विषांपैकी सर्वांत बारकाईने तपासलेल्या प्रथिनांपैकी एक आहे, आणि तरीही एमएस्सीच्या प्रकल्प-अहवालांत व पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणांत त्याविषयी त्याच त्या चुका दरवर्षी माझ्यासमोर येतात. याला बऱ्याच अंशी एक चित्र कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. १९९६ साली या छिद्राची स्फटिकरचना १.९ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) इतक्या सूक्ष्मतेने प्रसिद्ध झाली; सात एककांनी, म्हणजे एकाच प्रथिनाच्या सात रेणूंनी, मिळून बनलेली, सुमारे १० नॅनोमीटर उंच आणि जवळजवळ तेवढीच रुंद, भूछत्राच्या आकाराची ती रचना आज सर्वत्र छापली जाते. चित्र खरे आहे, परंतु ते शेवटच्या अवस्थेचे आहे. पाण्यात सहज विरघळणारे, २९३ अमिनो आम्लांचे सुटे प्रथिन तिथवर कसे पोहोचते हे त्यात दिसत नाही, आणि घाई करणारा विद्यार्थी नेमका तोच भाग वगळून पुढे जातो.

एकटा रेणू पटलात घुसतो, हा समज

प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे पटलात शिरतो आणि आत गेल्यावर इतर सहा जणांशी जुळतो, असे अनेक अहवालांत लिहिलेले असते. हे घडू शकत नाही, आणि का घडू शकत नाही हे समजले की या विषाचे बाकीचे वर्तनही समजू लागते. प्रथिनाच्या कण्यावरील एनएच आणि सीओ या अणुगटांना हायड्रोजन बंधासाठी जोडीदार लागतो. पाण्यात तो जोडीदार पाणीच पुरवते. मेदाच्या थरात मात्र तसे कोणी नसते. अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा मळसूत्री पीळ, आपले बंध आपल्यातच पूर्ण करतो, म्हणून एकटा हेलिक्स पटलात टिकू शकतो. बीटा हेअरपिनच्या, म्हणजे केसाच्या पिनेसारख्या दुमडलेल्या दोन धाग्यांच्या, दोन्ही बाहेरच्या कडा मात्र उघड्या राहतात आणि शेजारी दुसरी हेअरपिन आल्याशिवाय त्यांची गरज भागत नाही. अल्फा-हिमोलायसिनचे प्रत्येक एकक दोन धागे देते, सातांचे मिळून चौदा धागे होतात, आणि त्यांचे वर्तुळ पूर्ण झाल्यावरच एकही कड उघडी राहत नाही. म्हणून आधी पटलाच्या पृष्ठभागावर सात जण एकत्र येतात, पूर्वछिद्र (अजून पटलात न उतरलेले वर्तुळ) तयार होते, आणि मगच भूछत्राचा देठ, म्हणजे ते चौदा धागे, खाली उलगडून पटलाच्या आरपार जातो. या संपूर्ण प्रवासात एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन, खर्च होत नाही. शेवटची घडण अधिक स्थिर असते, एवढेच तिला पुढे ढकलायला पुरते.

सुट्या अवस्थेत हा देठ कुठे असतो, असे विचारले की बहुतेकांकडे उत्तर नसते. त्याच कुळातील ल्यूकएफ या प्रथिनाची विरघळलेल्या अवस्थेतील रचना १९९९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तो भाग तीन धाग्यांच्या घडीत मुख्य अंगाला चिकटून असलेला दिसला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी पहिल्याच आठवड्यात पाण्यातील सुटे एकक, पटलाला चिकटलेले एकक, पूर्वछिद्र आणि छिद्र अशा चार अवस्था हाताने काढून घेते. संगणकाने वर्तवलेली रचना दाखवणाऱ्यालाही मी आधी हेच विचारते, की ही यांपैकी कोणती अवस्था आहे.

नमुना उकळणे

ही चूक मला सर्वाधिक व्यथित करते, कारण ती अज्ञानातून कमी आणि सवयीतून जास्त होते. एसडीएस जेलवर (एसडीएस या अपमार्जकाच्या साह्याने प्रथिने वस्तुमानानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) चढवण्यापूर्वी नमुना पाच मिनिटे उकळायचा, हे सर्वांच्या हाताला इतके वळण पडलेले असते की त्याचे कारण कोणी आठवत नाही. अल्फा-हिमोलायसिनचे सात एककांचे वर्तुळ साध्या तापमानाला एसडीएसमध्येही टिकते. उकळले की सुटते.

एका विद्यार्थ्याने देठातील काही अमिनो आम्ले बदललेले प्रथिन तयार केले होते. सशाच्या तांबड्या रक्तपेशी त्या प्रथिनाने फुटत नव्हत्या, आणि जेलवर ३३ किलोडाल्टनचा, म्हणजे एका सुट्या एककाच्या वस्तुमानाचा, एकच पट्टा येत होता. त्यावरून या प्रथिनाचे वर्तुळच बनत नाही, असा निष्कर्ष लिहून झाला, त्यावर भित्तिपत्रक तयार झाले आणि प्रबंधाच्या एका प्रकरणाचा आराखडाही आखला गेला. त्याच जेलवर शेजारच्या रकान्यात मूळ, न बदललेले प्रथिन होते, तेही तितक्याच ठळकपणे फक्त ३३ किलोडाल्टनवर दिसत होते, आणि त्याकडे कोणी पाहिले नाही. पेशी फोडणारे मूळ प्रथिनही वर्तुळ बनवताना दिसत नसेल, तर दोष प्रथिनात नसून जेलमध्ये आहे. न उकळलेले नमुने चढवताच दोघांचेही पट्टे वर, मोठ्या वस्तुमानाच्या भागात दिसले. बदललेले प्रथिन वर्तुळ व्यवस्थित बनवत होते; अडत होते ते देठ पटलात उतरवताना. सगळ्या प्रकरणाचा अर्थ उलटला, आणि खरे तर तो आधीच्या निष्कर्षापेक्षा कितीतरी मोलाचा निघाला.

तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या करण्याची शिस्त आम्ही पाळतो: एक उकळलेली, एक न उकळलेली, आणि दोन्ही शेजारशेजारच्या रकान्यांत. जेल गरम होऊ न देता हळू चालवावे. याची उलट चूकही तितकीच घातक आहे. पेशीपटले विरघळवण्यासाठी डीऑक्सिकोलेट हे अपमार्जक वापरले, तर ते स्वतःच सुट्या एककांचे वर्तुळ घडवू शकते, त्यामुळे नळीत बनलेले वर्तुळ पेशीवर बनले असे भासते. न चिकटलेले विष आधी धुऊन काढावे आणि पेशींशिवाय फक्त विष व डीऑक्सिकोलेट असलेली एक नळी सोबत ठेवावी. ही एक नळी वाचवण्याच्या मोहाला मी शॉर्टकट म्हणत नाही, निष्काळजीपणा म्हणते.

पेशी फुटली म्हणजे छिद्र पडले, असे धरणे

तांबडी पेशी फुटल्याची खूण म्हणजे बाहेर आलेले हिमोग्लोबिन, पण ते छिद्रातून बाहेर येत नाही. त्या रेणूचा व्यास सुमारे साडेपाच नॅनोमीटर आहे, तर या छिद्राची सर्वांत अरुंद जागा दीड नॅनोमीटरच्या आसपास. आधी आयन ये-जा करतात, मग पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि शेवटी फाटते. म्हणूनच बाहेरच्या द्रवात छिद्रातून जाऊ न शकणारे मोठ्या रेणूंचे पॉलिइथिलीन ग्लायकॉल घातले, तर छिद्रे असूनही पेशी फुटत नाहीत, मात्र पोटॅशियम गळत राहते. छिद्राचा दावा करायचा असेल, तर हा प्रयोग करावा, किंवा रंगद्रव्य भरलेल्या लायपोसोममधून (मेदाच्या पटलाच्या कृत्रिम पिशवीतून) होणारी गळती मोजावी.

पेशी फुटण्याची इतर कारणेही असतात. याच जिवाणूचे बीटा-हिमोलायसिन हे स्फिंगोमायलिन तोडणारे विकर आहे. ते छिद्र पाडत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे अल्फा विष हे फॉस्फोलायपेज, म्हणजे पटलातील मेद तोडणारे विकर, आहे, आणि केवळ नावात अल्फा आहे म्हणून त्याच्याजवळ सात एककांचे चित्र लावलेले मी पाहिले आहे. पेशी कोणाच्या, हेही महत्त्वाचे आहे: सशाच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा शंभर पटींहून अधिक संवेदनशील असतात. रक्तपेढीतील जुने रक्त वापरून विष निकामी आहे असे ठरवण्यापूर्वी एवढे तरी वाचलेले असावे.

आणखी काही, थोडक्यात

कॉलराचे विष छिद्र पाडत नाही. शंभुनाथ दे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवून दिलेल्या या विषाच्या पाच बी-एककांच्या वर्तुळाला मधे पोकळी असते, पण ते वर्तुळ पटलात शिरत नाही. त्याच जिवाणूचे सायटोलायसिन हे वेगळे प्रथिन आहे, आणि ते मात्र छिद्र पाडते.

स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचे स्ट्रेप्टोलायसिन ओ हे विष वापरताना क्षपणकारक (ऑक्सिडीकरण उलटवणारे रसायन) घालायला विसरू नये, आणि पटलात पुरेसे कोलेस्टेरॉल आहे का ते पाहावे. या कुळातील छिद्रात ३० ते ५० एकके असतात; त्यांचा देठ सुट्या अवस्थेत हेलिक्सच्या रूपात असतो आणि पटलात उतरताना बीटा हेअरपिन होतो, म्हणून अल्फा-हिमोलायसिनचे नियम त्यांना सरसकट लावू नयेत.

अत्यंत विरल विष प्लास्टिकच्या नळीला चिकटते. विरलन ऐन वेळी करावे.

विषाची मात्रा लिहिताना पेशींची संख्याही लिहावी. तिच्याशिवाय मात्रेच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थी बीटी कापसातील क्राय या अळीनाशक प्रथिनांवर काम करू इच्छितात, याचा मला आनंद आहे, परंतु तिथे सात एककांची आकृती नेऊन बसवू नये. क्राय प्रथिनाचा काही भाग अळीच्या आतड्यातील विकरांनी छाटला जातो, मग ते आतड्याच्या पेशींवरील कॅडहेरिनसारख्या ग्राहकांना (विषाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, आणि छिद्र त्यानंतर पडते. गुलाबी बोंडअळीतील प्रतिकाराचा संबंध कॅडहेरिनच्या जनुकातील बदलांशी आढळला आहे. म्हणजे विष शाबूत असूनही पहिली पायरीच तुटलेली असू शकते. त्यामुळे या कामात चिकटण्याची चाचणी आधी करावी आणि छिद्राची नंतर.